लाखोळी आणि मजुरीचे माप

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर ह्या धानाच्या मुलखात लाख किंवा लाखोळी ठाऊक नसलेला शेतकरी विरळा. इतर भागांतील आमच्या कित्येक वाचकांनी मात्र तिचे नावही ऐकले नसेल. धान उभे असतानाच बांधीच्या ओलीत हिचे बी फेकतात. पुढे नांगर नको, पाणीही नको. वाटाण्याच्या कुळातील ही नाजूक वेल. हिचे फूल निळे असते, आणि फार सुंदर असते. हरभरा वाळून जातो त्या साली देखील ही पिकते, आणि म्हणूनच ती गरिबाची डाळ झाली.

परंतु दोन-तीन महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, तर कित्येकांचे पाय ताठरतात. मनुष्य प्रथम चवड्यांवर चालतो, मग एका काठीने, मग दोन काठ्यांनी, आणि अखेरीस हातांवर सरपटतो. बुद्धी शाबूत राहते. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. सागर प्रांतात गहू बुडाल्यावर १८३३ साली तरुण माणसे अशी पांगळी होऊ लागली, हे स्लीमन नामक इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. बियांतील विष भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळे करून दाखविले.

तर मग दोष कोणाचा? वेलीचा म्हणावा, तर इतर धान्याबरोबर थोडी लाखोळी खाणाऱ्या सधन मनुष्यास ती सहसा बाधत नाही. ज्याच्या ताटात दुसरे काहीच नाही, त्यालाच ती धरते. आणि त्याच्या ताटात काय पडावे हे पुष्कळदा दुसराच कोणी ठरवितो. मध्य प्रदेशात रेवा भागातील वेठबिगारांस मजुरी म्हणून हेच धान्य मापून देत असत. मालक म्हणेल, उपाशी मरण्यापेक्षा हे बरे. दुष्काळाच्या साली हे बोलणे खरे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण ज्याच्या कणगीत गहू आहे त्याच्या तोंडी ते शोभत नाही. तो स्वतःच्या मुलांस काय वाढतो, एवढेच त्यास विचारावे. १९४२ च्या हिवाळ्यात वाप्नियार्का येथील रुमानियन छावणीत यहुदी कैद्यांस जनावरांची हीच डाळ शिजवून घालीत. शेकडो लोक लुळे पडले. आर्थर केस्लर ह्या कैदी डॉक्टरानेच रोग ओळखला. तेथे तर दुष्काळाची सबबही नव्हती.

१९६१ साली कायद्याने लाखोळीच्या विक्रीस बंदी केली, तरी पेरणी चालूच राहिली. कारण बंदी धान्यावर झाली, भुकेवर नव्हे. आता कमी विषाचे वाणही निघाले आहेत, हे चांगलेच झाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विष बरेच उतरते, हे आमच्या शिक्षकबंधूंनी घरोघर जरूर सांगावे. मात्र दुष्काळात जेथे एक हंडा पाण्यासाठी बाई कोसभर चालते, तेथे ते पाणी फेकून दे असे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?