पाहणे हेही कर्मच

गौतमांच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि वस्तू यांच्या सन्निकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजते. डोळा शाबूत, समोर घट, मध्ये उजेड. शिवाय नैयायिक मनाची जोडही मागतात. एवढे जुळले की घट दिसलाच पाहिजे. हा हिशेब मला अपुरा वाटतो. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ मध्ये जॉन लॉकला विचारले होते: गोल आणि घन स्पर्शाने ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? दोघांचेही उत्तर 'नाही' असे होते, पण ते निव्वळ तर्काचे. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून भारतात शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची हीच परीक्षा रिचर्ड हेल्ड आणि सहकाऱ्यांनी घेतली; निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ठोकळा आधी न पाहता चाचपायचा, मग समोरच्या दोनांतून तो नजरेने निवडायचा. उत्तरे जवळजवळ अंदाजपंचेच निघाली. नजर अंधूक असेल, हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण एकदा पाहिलेला ठोकळा पुन्हा पाहून ती मुले बहुतेक वेळा बरोबर ओळखत होती. सन्निकर्ष होता, मनही जागे होते. मेंदूत नजरेची आणि हाताची सांगड तेवढी बसायची होती. ती पुढे काही दिवसांतच बसू लागली.

सांगड कशाने बसते, याचा धागा याच हेल्ड यांच्या जुन्या प्रयोगात सापडतो. १९६३ मध्ये त्यांनी आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढवलेली मांजराची पिल्ले जोडीजोडीने एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना बांधली. एक स्वतःच्या पायांनी चाले. दुसरे टोपलीत बसून तेवढेच फिरे. दोघांना दिसे ते सारखेच. तरी टेबलाच्या कडेजवळ नेल्यावर चालणारे पिल्लू पंजे पुढे करी, टोपलीतले करीत नसे.

यावर मायावादी म्हणेल, मेंदूच जग रचतो, तर जग मिथ्याच ठरले. मला उलट दिसते. रचना मनमानी असती तर कोणतीही चालली असती. इथे चुकलेला पंजा कडेवर आपटतो आणि वस्तूच रचनेला वळण लावते. टोपलीतल्या पिल्लांना उजेडाच्या खोलीत दोन दिवस मोकळे सोडले, तेव्हा तीही पंजे पुढे करू लागली.