व्हेगारचे स्टॅक आणि दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक



आज गीतेचा दुसरा अध्याय, श्लोक 40. पुस्तक किंवा अॅप उघडून मूळ श्लोक आधी एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे या. अर्थ साध्या मराठीत असा, की या मार्गावर केलेली सुरुवात नष्ट होत नाही, अर्धवट राहिली म्हणून उलटा दोषही लागत नाही, आणि यातलं अगदी थोडंसं जरी हातून घडलं तरी ते मोठ्या भयातून वाचवतं.

हा श्लोक मला कळायला एक गेम आणि एक गारपीट लागली. गेमपासून सुरू करतो. ज्येष्ठ वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

लीग ऑफ लेजेंड्स हा 2009 पासून चालू असलेला खेळ. पाच विरुद्ध पाच. समोरच्यांचा तळ, म्हणजे नेक्सस, फोडला की जिंकलात. त्यात मी कॉलेजच्या हॉस्टेलपासून एकच पात्र खेळत आलोय, व्हेगार. बुटका, डोक्यावर भलीमोठी टोपी, स्वतःला महादुष्ट म्हणवून घेणारा जादूगार. देवाच्या ब्लॉगवर हा कशाला, असं वाटेल. पण भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात अजगरही आहे आणि पिंगळा वेश्याही. त्या यादीत एक बुटका जादूगार खपून जाईल.

व्हेगारचं वैशिष्ट्य असं. त्याचा पहिला मंत्र, क्यू, मारून एखादा मिनियन (समोरच्यांचे छोटे सैनिक) संपवला की त्याची जादूची ताकद एका अंकाने कायमची वाढते. मोठा मिनियन असेल तर दोनने. समोरच्या खेळाडूला कुठलाही मंत्र लागला तरी एक. याला स्टॅक म्हणतात. वरची मर्यादा नाही. तुम्ही मेलात तरी स्टॅक जात नाहीत. मॅच लांबली की हाच बुटका असा होतो की त्याच्या एका फटक्यात समोरचा नाहीसा. पण पहिली दहा-बारा मिनिटं? अक्षरशः काहीच नाही. ताकद नाही, माना पुरत नाही, पळता येत नाही. समोर फिझ किंवा झेड आला की आपल्याच टॉवरखाली अंग चोरून उभं राहायचं.

नवीन मुलं इथेच चुकतात. समोरच्याचं रक्त कमी दिसलं की हाव सुटते, पुढे जातात, मरतात. व्हेगार शिकायचा म्हणजे ही हाव गिळायला शिकायचं. साधारण अर्ध्या मिनिटाला मिनियनची नवी लाट येते. क्यू ओळीतल्या पहिल्या दोघांना लागतो, त्यामुळे मरायला टेकलेले दोन मिनियन एका रेषेत येईपर्यंत थांबायचं आणि एका क्यूत दोन स्टॅक घ्यायचे. घाई केली तर मिनियन मरत नाही, उशीर केला तर आपलेच सैनिक त्याला मारतात आणि स्टॅक गेला. पिंजरा, म्हणजे ई, हा मारायला वापरायचा मोह होतो, पण सुरुवातीला तो जीव वाचवायला राखून ठेवायचा. एकदा वाया घालवला की तो परत येईपर्यंत समोरच्याला आपण आयते सापडतो. आणि चॅट बंद ठेवायचं. पंधराव्या मिनिटाला सरेंडरचं मतदान उघडतं, आपल्याच टीमचे चौघे 'मिड काही करत नाहीये' म्हणून शिव्या घालत असतात. त्यांचं चूकही नसतं. त्या क्षणी खरंच काही दिसत नसतं.

चांगल्या दिवशी तिसाव्या मिनिटाला माझे अडीचशे-तीनशे स्टॅक व्हायचे. मग रॅबॅडन्स डेथकॅप नावाची टोपी घ्यायची. ती तुमच्या एकूण जादूला टक्क्यांनी वाढवते. जमवलेलं भरपूर असेल तर कमाल, फारसं नसेल तर टक्के कशाचे काढणार? (पुढच्या वर्षी, 2027 मध्ये, आपल्याकडे सिंहस्थ आहे. रामकुंडावर पर्वणीला जायचं आपल्यापैकी बहुतेकांनी ठरवलं असेल. मला वाटतं पर्वणीही अशीच टोपी आहे. बारा वर्षांत कधी देवाचं नाव घेतलं नसेल तर डुबकीने अंग ओलं होईल. बाकी ज्याचं त्याने बघावं.)

तर अनेक वर्षं माझा समज होता की चाळिसावा श्लोक म्हणजे हेच. थोडं थोडं जमा होतं, वाया जात नाही, धीर धरा. माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, तिथेही मला तेच दिसायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर भर उन्हात नुसती काडी वाढवायची, फळ नाही, पैसा नाही. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच उन्हाळ्यात डोळ्याच्या आत धरलेला असतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर येतो आणि फेब्रुवारी-मार्चला माल निघतो. लेट गेम म्हणतात तो हाच, असं मी मामांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "हां, पण तुझ्यात गारा पडत नाहीत."

नंतर शांकरभाष्य वाचताना दचकलो. या श्लोकावर लिहिताना आचार्यांनी शेतीचाच दाखला दिलाय, पण उलट्या बाजूने. शेतीत सुरुवात करूनही फळाची खात्री नसते, तसं इथे नाही, असं ते म्हणतात. आणि औषध चुकलं तर उलटतं, तसंही इथे नाही. म्हणजे द्राक्षबाग या श्लोकाचं उदाहरण नाहीच, ती अपवाद दाखवायला आहे. आणि माझा व्हेगार? स्टॅक कायमचे, पण कुठवर? नेक्सस फुटेपर्यंत. पुढच्या मॅचला पुन्हा शून्य. तीनशे असोत की चारशे.

आता गारपिटीचं.

माझे आबा इथे ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. मिगच्या कामावर होते, आयुष्यभर रिव्हेट ठोकले. काचबिंदूने त्यांचं वाचन गेलं. 2022 च्या आषाढी एकादशीला, 10 जुलैला, मी ठरवलं की रोज रात्री साडेनऊला त्यांना ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या वाचून दाखवायच्या. इंजिनिअर आहे, लगेच हिशोब केला. नऊ हजारांवर ओव्या, दहाप्रमाणे साधारण अडीच वर्षं. एक्सेल शीटसुद्धा केली. पहिला अध्याय 275 ओव्यांचा, महिन्याच्या आत संपला. दुसरा सुरू झाला आणि ऑफिसची एक रिलीज आली, मग दिवाळी, मग नुसतंच 'उद्या'. शीटमध्ये लाल चौकोन वाढले तशी मी ती उघडणं बंद केलं. आबा मात्र अधूनमधून विचारायचे, "वाचायचं का रे आज?" मी म्हणायचो, "एवढी मॅच होऊ द्या आबा." लीगची मॅच पॉज होत नाही, हे त्यांना कितीदा समजावलं असेल.

26 नोव्हेंबर 2023, रविवार. त्या दिवशीची गारपीट निफाड तालुक्यात कुणी विसरणार नाही. मामांची बाग घडांवर होती. रात्री ते आमच्याकडे आले, ओट्यावर आबांजवळ बसले. फार बोलत नव्हते. आबांनी आत हाक मारली, "अरे, पोथी घेऊन ये. वाच जरा. याला बरं वाटेल."

मी म्हणालो, "दहा मिनिटं."

ती मॅच एक्केचाळीस मिनिटं चालली. चारशे बारा स्टॅक झाले, माझे आजवरचे सगळ्यात जास्त. आम्ही जिंकलो. हेडफोन काढून बाहेर आलो तर ओटा रिकामा होता. मामा निघून गेले होते. आबा आत भिंतीकडे तोंड करून झोपले होते, की नुसते पडले होते, माहीत नाही. मी हाक मारली नाही.

त्यानंतर आबांनी वाचायचं कधी विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना नेहमीसारखं बोलायचे, पाण्याची मोटर, गॅसचा नंबर. फक्त तो एक प्रश्न बंद झाला.

मला वाटलं, गेलं. आता पोथी काढली तरी ते अपराध धुणं होईल, आणि आबांना ते लगेच कळेल. वर्षभर बंद पडलेलं काय सुरू करायचं, पुन्हा पहिल्या ओवीपासून? मोठं भय म्हणजे जन्ममरणाचं, संसाराचं, असं टीकाकार सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला त्या दिवसांत त्याचं घरगुती रूप दिसलं, 'आता उशीर झाला' या वाक्यात. माणूस त्याच वाक्यापाशी हात टेकतो. सरेंडरचं बटण तिथेच असतं.

दोनेक आठवड्यांनी एका रात्री लाइट गेले. वायफाय नाही, काही नाही. मोबाईलच्या उजेडात मी पोथी काढली आणि आबांच्या खाटेपाशी जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना. खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट कधीच पडून गेलं होतं. पानं उलटत बसलो. म्हटलं, "आबा, पहिल्यापासून घेऊ का?"

आबा अंधारातच म्हणाले, "पहिल्यापासून कशाला? अर्जुन गप्प झालाय आणि देव हसून बोलायला लागलेत, तिथे होतो आपण."

वर्षापेक्षा जास्त काळ लोटला होता. मी लाल चौकोन मोजत होतो, आणि त्यांनी जागा धरून ठेवली होती. सुरुवात नष्ट होत नाही म्हणजे काय, हे मला भाष्य वाचून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. माझ्या हिशोबात ती नष्टच होती. हिशोबच चुकीच्या वहीत होता.

(सहाव्या अध्यायाच्या शेवटी देव हेच जन्मांच्या पल्ल्यावर सांगतात. मध्येच वाट सुटलेला योगी पुढच्या जन्मी जिथे थांबला होता तिथून उचलतो. तिथे पोहोचलो की सविस्तर लिहीन.)

मग मी एक्सेल शीट उडवून टाकली. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही रिव्हेट मोजत नव्हतो. बसलाय का ते बघायचो, बोट फिरवून." जपाच्या अॅपमध्ये ज्यांची तीनशे दिवसांची स्ट्रीक आहे त्यांनी ती ठेवावी, माझा विरोध नाही. फक्त स्ट्रीक तुटली म्हणून माळच खाली ठेवू नका. असे मेसेज मला दर महिन्याला येतात, 'दादा, एकवीस दिवस झाले होते, मग प्रवासात खंड पडला, आता मन होत नाही'. या श्लोकात खंड पडल्याचा दंड नाही. अॅपमध्ये आहे, देवाकडे नाही.

खोटं सांगत नाही, सुरुवातीचे दिवस अवघड गेले. दहा ओव्या वाचताना चौथीला हात मोबाईलकडे जायचा. काही समजायचं नाही, आबाही कधी कधी ऐकता ऐकता घोरायला लागायचे. टॉवरखालची दहा मिनिटं म्हणा हवं तर. अजूनही आठवड्यातून एखादी रात्र चुकते. दोन वर्षांत आम्ही तेराव्या अध्यायात आलोय, आणि हा अध्याय संपता संपत नाही, हजाराच्या वर ओव्या आहेत. मामांनी बाग पुन्हा उभी केली. परवा येऊन बसले, दोन पानं ऐकली आणि उठताना फक्त "उद्या याच वेळेला का?" एवढं विचारून गेले.

गेम सोडला का, असं विचाराल. नाही. शनिवारी दुपारी एक-दोन मॅच खेळतो. आबांना तो व्हेगार माहीत झालाय, विचारतात, "तुझा टोपीवाला जिंकला का?"

नऊ पंचवीस झाले. उद्या श्लोक 41, व्यवसायात्मिका बुद्धी.

रामकृष्णहरी.