दीर्घायुषी मातेचें स्मरण

मराठी साहित्यांत आईला केवढें मोठें स्थान आहे हें सांगावयास नकोच; परंतु या साहित्यांतील आया बहुधा लवकर मरतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. यशवंतांची 'आई' ही कविता पोरक्या मुलाच्या मुखांतून आलेली आहे. माधव जूलियनांची आईवरील प्रसिद्ध कविताहि तशीच. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत जिची कथा लिहिली ती माउली 1917 सालींच निवर्तली होती. आमच्या रायगड जिल्ह्यांतलें, म्हणजे जुन्या कुलाब्यांतलें, उदाहरण घ्यावयाचें तर विनोबांचें घ्यावें. त्यांचा जन्म 1895 सालीं पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं झाला. संस्कृत गीता मला कळत नाहीं, तूंच ती मराठींत कर, असें त्यांस सांगणारी त्यांची आई रुक्मिणीबाई 1918 सालीं गेली. 'गीताई' लिहून झाली ती पुढें बारा-तेरा वर्षांनीं.

या सर्व स्मरणांविषयीं आम्हांस आदरच आहे. तथापि मृत्यूनें या मातांना एका वयांत थांबवून ठेवलें, हें विसरूं नये. त्या म्हाताऱ्या झाल्या नाहींत. त्यांच्याशीं कोणाला ओरडून बोलावें लागलें नाहीं. एकच गोष्ट त्यांनीं दहांदा सांगितली नाहीं. सुनेशीं त्यांचें कधीं बिनसलें नाहीं. जी बाई नव्वदाव्या वर्षीं जाते, सत्तर वर्षें एकाच स्वयंपाकघराचा कारभार पाहून जाते, तिच्या वांट्याला काय येतें? वृद्धापकाळानें निधन, मागें पुत्र, सुना, नातवंडें असा परिवार, एवढ्या दोन ओळी. भेटावयास आलेले म्हणतात, 'सुटली बिचारी.' कोण सुटलें, हा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं.

असें कां व्हावें? गृहिणीच्या आयुष्यांत 'घडलें' असें ज्यास आपण म्हणतों तें फार थोडें असतें, आणि जें रोज होतें त्याचा हिशेब ठेवण्याची रीत नाहीं. मोटार-अपघातांत मृत्यु पावलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा दावा 2010 सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां न्यायमूर्तींनीं 2001 च्या खानेसुमारीकडे बोट दाखविलें. तींत घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याच पंक्तीस, काम न करणाऱ्यांच्या वर्गांत, बसविलें होतें. न्यायालयाची नापसंती योग्यच होती. पण जी वस्तु रुपयांत मोजतां येत नाहीं ती त्यागांत मोजावयाची, ही आमची उलट बाजूची खोडहि कांहीं कमी वाईट नाहीं. 'त्यागमूर्ति' म्हटलें कीं काम भागतें. तिला काय आवडे, कशाचा राग येई, तिनें काय मनापासून केलें आणि काय निरुपायानें, हें विचारण्याची मग गरजच उरत नाहीं. दोन्ही मापांनीं आपण तिच्याकडे घेणाऱ्याच्या बाजूनेंच पाहतों.

दीर्घायुषी गृहिणी मागें काय ठेवते याची साक्ष आमच्याच किनाऱ्यावर आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यांत, कोर्लई गांव आहे. वसई 1739 सालीं पडली आणि पुढच्याच वर्षीं चौल व कोर्लई मराठ्यांच्या हातीं आलीं. पोर्तुगीज सत्ता गेली, सैन्य गेलें. मागें राहिलीं तीं किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणारीं साधीं ख्रिस्ती कुटुंबें. तीं घरांत जी भाषा बोलत तिला तेथील लोक 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतांशीं पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची. क्रियापद शेवटीं येतें. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें 1996 सालीं तिच्यावर सबंध ग्रंथ लिहिला. ती बोलणारे हजाराच्या आंतबाहेर आहेत. ना राजाश्रय, ना शाळा, ना छापखाना. आणि तरी पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ ती जगली. कशावर जगली? मुलाला जेवावयास हांक मारणें, मीठ कमी पडलें म्हणून शेजारणीकडे पाठविणें, आजारपणांत उशाशीं बसून कांहीं पुटपुटणें, यांवर. कोर्लईच्या किल्ल्याचा इतिहास पुस्तकांत वाचावयास मिळतो. या बायकांचें नांव त्यांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं.

येथें दीर्घायुष्यालाच किंमत आहे. पस्तिशींत गेलेली आई आपली भाषा मुलाच्या हातीं देते. ऐंशीपर्यंत जगलेली आई ती पणतवंडांच्या कानांवर घालते, आणि तीन-चार पिढ्यांचें बोलणें एका ओटीवर चालूं राहतें. दूरचें एक उदाहरण आठवतें. अमेरिकेंतील चेरोकी लोकांत कूळ आईकडून चालत आलेलें आहे. सिक्वोया नांवाच्या त्यांच्यांतीलच गृहस्थानें 1821 च्या सुमारास त्यांच्या भाषेस लिपि दिली. आणि 1838-39 सालीं सरकारनें त्यांस मायभूमींतून उठवून मिसिसिपीच्या पलीकडे घालविलें. वाटेंत हजारों मेले. त्या वाटेवरहि भाषा टिकली, पण 2019 सालीं चेरोकींच्या तिन्ही शासनांना भाषेसाठीं आणीबाणी जाहीर करावी लागली. बोलणारे दोन हजारांच्या आसपास, आणि बहुतेक म्हातारे. अशा समाजांत घर सांभाळणारी एक वृद्धा गेली कीं त्या आंकड्यांतून एक वजा होतो.

परंतु इतकें लिहिल्यावर आम्हांस एक शंका येते. भाषा टिकविणारी, रीत टिकविणारी म्हणून तिला गौरविणें हें तरी 'त्यागमूर्ति' म्हणण्याहून वेगळें आहे काय? हांडा पाणी सांभाळतो तशी ती परंपरा सांभाळते, असेंच ना? ही शंका आम्हांस पूर्णपणें निरसतां आलेली नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' 1934 पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं, तीं आजहि वाचतांना टवटवीत वाटतात याचें कारण आम्हांस यांतच दिसतें: त्यांनीं स्वतःला देवी केलें नाहीं. भांडणें लिहिलीं, फजित्या लिहिल्या, टिळकांवरचा राग आणि जीव दोन्ही लिहिले. पण लक्ष्मीबाईंच्या हातांत लेखणी होती. जिच्या हातांत ती नव्हती तिच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं निदान तिचा हट्टीपणा, तिचे विनोद, तिचें पक्षपाती प्रेम गाळूं नये. तीं गाळलीं कीं उरते ती आमचीच सोय.

कोर्लईंत शाळा मराठी आहे, बाजार मराठी आहे. आपलें मूल वर्गांत अडूं नये म्हणून तेथील एखाद्या तरुण आईनें घरांतहि मराठीच बोलावयाचें ठरविलें, तर तिला दोष कोणी द्यावा? आपल्या शहरांत इंग्रजीसाठीं आम्ही मंडळी तेंच करीत आहोंत. अशा घरांत आजी नातवावर आपल्या भाषेंत रागावेल. त्याला तें सगळें कळेल, आणि तो उत्तर मराठींत देईल.