आशा : पाश की दिशा?

आशा हा पाश आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आशा सोडा, म्हणजे चित्त मोकळे होईल, असे आम्हीही पीठावरून वारंवार सांगतो. पण ज्यांचे सर्वस्व एका रात्रीत गेले त्यांनाही हेच सांगावे काय? भोपाळचा विचार मनात आला की हा प्रश्न आम्हांस अडवतो.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि लगतच्या वस्त्यांतील माणसे हजारोंनी मृत्युमुखी पडली. जी वाचली त्यांतील अनेकांचे डोळे व फुप्फुसे अधू झाली. मजुरीवर जगणाऱ्यांच्या अंगात कष्टाचे बळ उरले नाही. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळली. फलाची आशा म्हणाल तर ती अशी वेळोवेळी खुंटली.

तरीही त्या शहरात स्त्रिया एकत्र येत राहिल्या. स्वतः वायुपीडित असलेल्या अब्दुल जब्बार यांनी 1987 मध्ये पीडित महिलांची संघटना उभी केली. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी बागेत सभा भरे. ज्यांनी पूर्वी घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता, त्या बुरख्यातल्या आणि पदरातल्या बायका तेथे शेजारी शेजारी बसत. दुःख उगाळू नये असे आपण म्हणतो खरे. पण न सांगितलेले दुःख आत कुजते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. त्यांची मागणी खैरातीची नव्हती, रोजगाराची होती. कायकाचा संस्कार झालेल्या आपल्या कानांना ही भाषा परकी वाटू नये. संघटनेच्या स्वाभिमान केंद्रात त्यांना शिवणकाम व जरदोजी शिकवली जाई. वायूने मंदावलेल्या डोळ्यांनी जरीचा टाका घालणे काय असेल, याची कल्पना करून पाहा!

रशीदा बी व चंपादेवी शुक्ल यांची गाठ अशीच कामावर पडली, पीडितांसाठीच्या स्टेशनरीच्या कारखान्यात. 2004 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ते धन त्यांनी घरी नेले नाही. व्यंग घेऊन जन्मलेल्या, पीडित कुटुंबांतील बालकांसाठी ‘चिंगारी’ न्यास काढला.

संस्कृतात ‘आशा’ या शब्दाचा दुसरा अर्थ दिशा असा आहे. दोन्हींची व्युत्पत्ती निराळी की एकच, हा वाद पंडितांनी घालावा; आम्हांस येथे दुसरा अर्थ उपयोगी पडतो. ‘मला केव्हा मिळेल’ म्हणून एकटा झुरतो, तेव्हा आशा पाशच होते. दहाजणींनी मिळून आज काय करावे हे ठरवले की तीच आशा पायांना वाट दाखवते. अनुभवमंटपात धोबी, नावाडी आपापल्या कायकाच्या भाषेत अनुभव सांगत, आणि ऐकणारे शरण समोर असत. ऐकणाराच नसता तर त्या अनुभवाचे काय झाले असते?

जब्बार 14 नोव्हेंबर 2019 रोजी निवर्तले. त्याआधीच, 2014 मध्ये, भोपाळच्या पीडितांच्या आठवणींचे एक संग्रहालय उभे राहिले होते. सरकारचा वा कंपन्यांचा पैसा त्यासाठी घेतला नाही. मृतांचे कपडे, छायाचित्रे घरच्यांनी आणून दिली. त्या वस्तूंपाशी टेलिफोन ठेवले होते; रिसीव्हर कानाला लावला की ज्या घरातून ती वस्तू आली, त्या घरचे माणूस स्वतःच्या आवाजात आपली हकीकत सांगू लागे.