आळ, आरोप आणि अभियोग

वैनगंगेच्या काठच्या बालाघाटात ज्याच्या घरची भाषा मराठी, त्याच्या कचेरीची भाषा हिंदी असते. त्यामुळे खटल्याच्या एकाच कागदाला त्याच्यापाशी अनेक नावे जमतात. पोलिसांनी न्यायालयात सादर केलेला कागद तेथील हिंदीत ‘अभियोग-पत्र’ होतो, बाजारात ‘चालान’ होतो, आणि महाराष्ट्रातले वृत्तपत्र हाती आले की तोच ‘दोषारोपपत्र’ होऊन समोर येतो. ‘अभियोग’ या शब्दात माणूस एका गोष्टीशी जोडला जातो, एवढेच. मराठी शब्दात मात्र न्यायाधीशाने कागद उघडण्यापूर्वीच दोष येऊन बसला आहे. ही निव्वळ भाषांतराची कसर आहे, असे आम्हांस वाटत नाही.

इंग्रजीत या कृतीसाठी शब्दांची एक उतरंडच रचलेली आहे. ‘ब्लेम’ हा सर्वांत घरगुती. मालक गड्याला लावतो तसा बोल. त्याचे मूळ देवनिंदेच्या ग्रीक शब्दात आहे, म्हणजे ‘ब्लास्फेमी’ हा त्याचा सख्खा भाऊ. ‘ॲक्यूज’ कोणीही कोणालाही करावे. ‘चार्ज’च्या मुळाशी लॅटिनमधील गाडी आहे, गाडीवर ओझे लादावे तसा तो माणसावर लादायचा, पण कलम सांगून आणि वजन करून. ‘इन्डाइट’ हा लेखी प्रकार. (त्यातले ‘सी’ हे अक्षर लिहावयाचे, पण उच्चारावयाचे नाही, ही रीत इंग्रजांनाच शोभते.) ‘इम्पीच’ म्हणजे मुळात पायात खोडा घालणे, आणि तो सत्ताधीशासाठी राखून ठेवलेला. वॉरन हेस्टिंग्जवर असा अभियोग १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला व तो निर्दोष सुटला. आपल्या संविधानाच्या ६१ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींकरिता त्याचा ‘महाभियोग’ झाला आहे. या उतरंडीत वर जावे तसतशी आरोप करणाऱ्याची जबाबदारी वाढते: आधी नुसते तोंड, मग नाव, मग लेखणी, आणि शेवटी पुरावा.

आपल्याकडेही शब्द थोडे नाहीत. आळ, बालंट, किटाळ, तोहमत, ठपका. शेजारच्या कोकणीत कागाळ. परंतु यांच्या व्याकरणाकडे पाहावे. आळ ‘येतो’, बालंट ‘येते’, किटाळ ‘येते’. आणणारा कोण, ते वाक्य बहुधा सांगत नाही. गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिल्याने श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याचा आळ आला, असे आपण लहानपणी ऐकतो आणि सारा दोष चंद्राच्या पदरी घालतो. ज्यांच्या तोंडून ती कुजबूज निघाली ते मोकळेच राहतात.

‘आरोप’ या शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. वेदान्तात दोरीच्या ठिकाणी साप दिसणे हा आरोप, आणि ती दोरीच आहे असे कळून साप नाहीसा होणे हा अपवाद. दोन्ही शब्द जोडीने चालतात. व्यवहारात आरोप तेवढा राहिला. अपवादाचा तर ‘लोकापवाद’ होऊन तो उलट दूषणाच्याच पंक्तीत जाऊन बसला. ‘दोषारोप’ हा शब्द जुन्या शास्त्र्याच्या कानी पडता तर नसलेला दोष दिसणे असा अर्थ त्याने केला असता. चव्हाट्यावर मात्र त्याचा अर्थ दोष ठरला, असाच होतो. आणि ‘आरोपी’ म्हणजे गुन्हेगार.

या घोटाळ्याची किंमत काय असते, ते साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या प्रकरणात दिसते. त्यांच्यावर तीन गोष्टींचा ठपका होता: कंपनीच्या २३ व्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधले, आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार केला. (आजचा बालाघाट जिल्हा पूर्वी याच नागपूरकरांच्या मुलखात मोडत असे.) पलटणीच्या गोष्टीची १८३६ मध्ये गुप्त चौकशी झाली. रीतसर खटला मात्र कधीच उभा राहिला नाही. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नॅक साताऱ्यास आले ते माफी घेऊन: तहाचा भंग केला असे लिहून द्या आणि गादी राखा. महाराजांनी नकार दिला. त्याच सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये ते वारले.

येथे कुजबुजीला शिक्षा महाभियोगाची मिळाली. आणि शिक्षेहूनही माफी आम्हांस अधिक अन्यायाची वाटते. ज्यावर अभियोगच चालला नाही त्या गोष्टीची क्षमा स्वीकारणे म्हणजे स्वतःच्या हाताने दोष लिहून देणे होय. महाराजांचे वकील रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दारोदार फिरले, ते धन्याची बाजू कोणी उघडपणे ऐकावी म्हणून.

आजच्या कायद्याने आरोप आरोपीला वाचून दाखवून समजावून सांगावा लागतो आणि मग तो गुन्हा कबूल आहे काय, असे विचारावे लागते. यातला ‘समजावून’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. बैहरकडच्या गोंड माणसाला घरी गोंडी, बाजारात दुसरीच बोली आणि न्यायालयात हिंदी असते. त्याच्यापुढे कागद वाचला जातो तेव्हा आपल्याला कशाशी जोडले आहे, कोणी जोडले आहे आणि अजून ठरलेले काहीच नाही, हे त्याच्या भाषेत त्याला कोणीतरी सांगावयास हवे. नाहीतर पुढच्या प्रश्नाला तो ‘हो’ म्हणतो, ते कशाला म्हणतो?