ओपन स्पेसमधला देव

लेआउटमधल्या मोकळ्या जागेला वाशीम जिल्ह्यात ‘ओपन स्पेस’च म्हणतात. वाशीम, कारंजा, रिसोड अशा गावांत फ्लॅटपेक्षा प्लॉट घेऊन घर बांधण्याकडे कल जास्त. प्लॉट पाहायला आलेले कुटुंब तोंड पूर्वेला आहे का, रस्ता किती फुटांचा, हे विचारते आणि ओपन स्पेस कुठे, हेही. तिला लागून असलेल्या प्लॉटचा भाव सहसा चढा सांगितला जातो. समोर भिंत उठणार नाही, मे महिन्यात संध्याकाळी थोडा वारा लागेल, पोरे डोळ्यांसमोर खेळतील, याचे ते पैसे. पेच असा की ज्या जागेपायी हा भाव दिला, ती खरेदीखतात नसते.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती सगळ्यांची असते, म्हणून तिची काळजी कुणीच घेत नाही. पहिल्या पावसाळ्यात गाजरगवत माजते. मग कुणीतरी शेंदूर लावलेला दगड ठेवतो, त्यावर चार पत्रे चढतात, वर्गणी निघते, सभामंडप होतो आणि उरलेल्या मातीवर फरशी बसते. सार्वजनिक रस्ते, उद्याने अशा जागांवर नवे प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. कायद्याचे उत्तर त्यात आले. पण देवासाठी झाडाची जागा घेणे धर्माला मानवते का, हा प्रश्न उरतोच.

जिल्ह्यातल्या परंपरा याबाबत एकमेकींच्या फार जवळ आहेत. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगताना वृक्षांमध्ये आपण अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, असे म्हणतो. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि दत्तभक्तांसाठी औदुंबराखाली दत्ताचा वास असतो. तिथे मूर्ती नसली तरी हात जोडले जातात. मालेगाव तालुक्यातले शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे जैनांचे तीर्थ आहे. जैन मताप्रमाणे वनस्पती हा एकेंद्रिय जीव, त्यामुळे झाड तोडणे ही हिंसा ठरते. बुद्धांना बोधी झाली तीही पिंपळाखालीच, आणि विनयाच्या नियमांत भिक्खूंना झाडे-रोपे तोडण्याची मनाई आहे. 

मंदिराच्या बाजूचे म्हणणे हलके नाही. नव्या वस्तीत कुणी कुणाला ओळखत नाही. सायंकाळची आरती आणि हरिपाठ माणसे जोडतात, म्हाताऱ्यांना बसायला जागा मिळते. पण हे सारे गावातला पार पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. पिंपळाभोवती दगडी ओटा, बुंध्याला वटपौर्णिमेसारखे गुंडाळलेले सूत, खोबणीत एक पणती: पूजाही होते, सावलीही राहते, आणि कुठल्याही धर्माचा माणूस तिथे उपरा ठरत नाही. सभामंडपात तेवढी मोकळीक नसते.

ईशोपनिषदाचा पहिला मंत्र हे सर्व जग ईश्वराने व्यापलेले मानतो आणि त्यागाने भोग घ्यायला सांगतो. ओपन स्पेसला तो नेमका लागू पडतो, कारण ती वापरायची असते, बळकावायची नसते. चढा भाव देऊन शेजारी आलेल्या घराचा तिच्यावर हक्क इतरांइतकाच. तिच्याशी नाते मात्र जवळचे, कारण पिंपळाचे रोप लावले तर पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालायला सगळ्यांत जवळचा नळ त्याच अंगणात असतो.