अद्भुताची मर्यादा

कथेंत अद्भुत असावें कीं नसावें, हा वाद जुना आहे. तो आज उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं. ज्याला अद्भुत मुळींच नको, त्यानें पुराणेंही मिटून ठेवावीं आणि विज्ञानकथाही. आमचा प्रश्न निराळा आहे. अद्भुत सांगणारा श्रोत्याचें काय देणें लागतो?

प्रवरेच्या कांठीं नेवाशास मोहिनीराजाचें देऊळ आहे. समुद्रमंथनांतून निघालेलें अमृत विष्णूनें मोहिनीच्या रूपानें येथेंच वाटलें, अशी या भागांतील लोकांची श्रद्धा आहे. राहु वेष पालटून देवांच्या पंक्तीस बसला. सूर्यचंद्रांनीं त्याला ओळखलें. विष्णूचें चक्र सुटलें. पण घोट गळ्यापर्यंत पोंचला होता, म्हणून शिर मेलें नाहीं. शिर पडलें ती राहुरी आणि काया पडली तें कायगांव, असें लोक सांगतात. या कथेवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, तिची शिस्त पाहण्यासारखी आहे. अमृत प्याला तो मरणार नाहीं, हा नियम एकदां सांगितल्यावर तो प्रत्यक्ष विष्णूलाही मोडतां येत नाहीं. शिर उरतें, आणि त्याचें वैर ग्रहणाच्या रूपानें चालू राहतें.

या कथेशेजारीं आमच्या काळांतील एक कथा ठेवून पाहूं. दूरदर्शनवर १९९७ सालीं सुरू होऊन २००५ पर्यंत चाललेली ‘शक्तिमान’ ही हिंदी मालिका महाराष्ट्रांतील मुलांनींही डोळ्यांत प्राण आणून पाहिली. मुकेश खन्ना यांनीं रंगविलेला नायक योगसाधनेनें कुंडलिनी जागृत करतो व पंचमहाभूतांचें बळ मिळवितो. त्याच्या विरुद्ध बाजूस अंधाराचा अधिपति तमराज किल्विष आहे, तसाच डॉ. जैकाल हा शास्त्रज्ञही आहे. योग आणि प्रयोगशाळा यांची ही सांगड मोठी मोहक होती. परंतु पाहतां पाहतां शंका उठत. चष्मा आणि पुढें आलेले दांत एवढ्यानें गंगाधर हा शक्तिमान म्हणून ओळखूं येऊं नये, तोही वृत्तपत्राच्या कचेरींत, चाणाक्ष बातमीदारांमध्यें? एवढा सामर्थ्यवान किल्विष एकामागून एक हस्तक कां धाडतो? आणि नायकाला नेमकें काय करतां येत नाहीं? या शेवटच्या प्रश्नाचें ठाम उत्तर देऊन मालिकेनें तें पाळलें, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

कोणी म्हणेल, मुलांच्या गोष्टीला एवढा तर्क कशाला लावावा? पण त्या दिवसांत, शक्तिमान वांचवील या भरंवशावर मुलांनीं जिवाशीं खेळ केल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या, त्यांवर वाद झाले, आणि नायकालाच मुलांना बजावावें लागलें कीं असलें अनुकरण करूं नका. ही सूचना कथेच्या बाहेरून द्यावी लागली, येथेंच कथेचें उणें दिसतें. ज्या सामर्थ्याची सीमा सांगणारानें आंखली नाहीं, ती आठ वर्षांच्या मुलानें कोठें शोधावी?

मात्र प्रत्येक अनुत्तरित प्रश्न हा दोष नव्हे. वासुकीची दोरी असुरांनींही ओढली होती. श्रमांत ते बरोबरीचे होते. मग त्यांना भुलवून वांटा नाकारणें हा न्याय झाला काय? मोहिनीची कथा याचें उत्तर देऊन आपल्याला मोकळें करीत नाहीं. तो प्रश्न तिनें जाणून आपल्या पदरीं घातला आहे. देवळाच्या पायऱ्या उतरतांना तो बरोबर येतो. एक प्रश्न कथा विचारते, दुसरा कथाकार चुकवितो. पहिल्यानें श्रोता मोठा होतो. दुसऱ्यानें त्याची केवळ फसवणूक होते.

याच नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यांत अर्जुन वारंवार शंका काढतो, आणि त्याच्या शंकेचा अनादर होत नाहीं. आमच्या घरांतील मूल पडद्याकडे बोट दाखवून ‘पण असें कां?’ म्हणून विचारतें, तेव्हां ‘गोष्टच आहे ती, गप्प पाहा’ म्हणणें सोपें असतें. तसें म्हणूं नये. त्या मुलानें अद्भुत नाकारलेलें नसतें; त्यानें त्यावर विश्वास ठेवलेला असतो, म्हणूनच तें हिशेब मागतें.